आधी कॉपी, मग बाकीचं

नव्वदच्या दशकात नारायणगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या हातात पहिली फ्लॉपी आली. साडेतीन इंची, १.४४ एमबीची. चुंबकाजवळ नेऊ नका, झडप सरकवू नका, असं सर बजावायचे. एवढं जपूनही ती एखाद्या दिवशी उघडायचीच नाही, आणि त्याची आधी काही कुणकुण लागायची नाही. पुढे सीडी आल्या. त्यांच्यावरचे ओरखडे निदान डोळ्यांना दिसायचे. मग शिक्षकाची नोकरी लागली, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या शाळा मिळाल्या, डिजिटल कॅमेरा आला आणि सगळं हार्ड डिस्कवर जाऊन बसलं. पोषण आहाराचे तक्ते, गॅदरिंगची गाणी, अंगणात वाळत घातलेला हिरडा, इरली पांघरून भाताची लावणी करणाऱ्या बाया.

हार्ड डिस्कचं मला कायम अप्रूप वाटत आलंय. १९५६ साली आयबीएमची पहिली डिस्क आली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून साधारण ५ एमबी मजकूर मावायचा. म्हणजे आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो! आता खिशात मावणाऱ्या डबीत काही वर्षं मावतात. आत तबकडी गरगर फिरत असते आणि लिहिणारं-वाचणारं हेड तिच्यावर टेकत नाही, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून तरंगत राहतं.

३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगावच्या याच पट्ट्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. गाव जागेवर नाही, ही खबर बाहेर पोचली ती तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. घरांबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही गाडल्या गेल्या. नंतर कित्येक महिने त्या भागातलं कुणी ना कुणी भेटलं की विचारायचं, "गुरुजी, आमच्या आईचा फोटो असंल का तुमच्याकडं?" असायचा कधीकधी. लग्नाच्या पंगतीत मागे उभी असलेली, शाळेच्या कार्यक्रमात पदर सावरत बसलेली आई. तेवढा भाग मोठा करून मी घोडेगावला प्रिंट काढून द्यायचो. माझ्या हौसेचे फोटो त्या दिवसांपासून नुसते माझे राहिले नाहीत.

आणि त्याच डिस्कवर काही वर्षांनी पिवळी खूण आली.

डिस्कची तब्येत दाखवणारा एक फुकट प्रोग्रॅम मी घालून ठेवला होता. नेहमी निळा असणारा चौकोन पिवळा झाला आणि त्यात 'कॉशन' उमटलं. खाली तक्त्यात सी५ या ओळीपुढे शून्याऐवजी आकडा आला होता. डिस्क स्वतःवर नजर ठेवते, त्या सोयीला स्मार्ट म्हणतात. वाचता न येणारी जागा सापडली की ती सी५मध्ये मोजली जाते; ती बाद करून राखीव जागा वापरली की ०५चा आकडा वाढतो. कॉम्प्युटर तर नेहमीसारखाच चालू होता, फोटोही उघडत होते. अशा वेळी माणूस खूण बाजूला सारतो आणि कामाला लागतो. तेच घातक.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. निळा चौकोन म्हणजे खात्री नव्हे. पिवळा दिसला, तर मात्र तेवढी सवड मिळाली असं समजायचं.

एका दुकानात मला सांगितलं, "फॉरमॅट मारून देतो, होईल नीट." फॉरमॅट मारून झिजलेली तबकडी नवी होत नाही, वरचं मात्र जातं. मी डिस्क उचलली आणि दुसऱ्याकडे गेलो. त्या पोराने तक्ता पाहिला, कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाला, "सर, आधी कॉपी मारू, मग बाकीचं बघू. डिस्क चेकबिक काही लावायचं नाही." दुरुस्तीचे प्रोग्रॅम सगळी तबकडी पिंजून काढतात आणि मरणाऱ्या डिस्कवर भार टाकतात, हे त्याने नीट समजावलं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्याने डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम धडधाकट भाग आधी उचलतो, अडलं की पुढे सरकतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. लाइट जाईल म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घेतलं, डिस्कवर टेबल फॅनचा झोत सोडला. मध्येच टक्, टक् असा आवाज यायचा आणि आकडे थांबायचे. तो पोरगा घरी गेला नाही. सकाळपर्यंत माळीणचं फोल्डर पूर्ण उतरलं होतं. गॅदरिंगचे काही व्हिडिओ मात्र कायमचे गेले.

जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कातळात कोरलेली ब्राह्मी अक्षरं, तीही झिजलीत, ओळी मधेच तुटतात. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्याची नक्कल उतरवून घेतली आणि १८७६मध्ये त्यातल्या अंकांवर लेख लिहिला. दगडालासुद्धा दुसरी प्रत लागतेच, मग आपल्या प्लास्टिकच्या डबीचं काय!

माळीणचे फोटो आता माझ्याकडे जुन्नरला एका डिस्कवर आहेत, मुलीकडे पुण्यात दुसऱ्या डिस्कवर, आणि ज्यांची माणसं त्यात आहेत त्यांच्याकडे छापील. तुमच्याकडेही गावाचे, शाळेचे, गेलेल्या माणसांचे फोटो एकाच डिस्कवर असतील, तर याच आठवड्यात दुसरी प्रत काढा. ती त्याच कपाटात नको, दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा.