मुक्काम कोठे केलात?

दिवाळी जवळ आली की आमच्या टोपी बाजारातल्या ओट्यांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पुण्याहून, नाशिकहून कुणाचा मुलगा, कुणाचे लेक-जावई स्वतःच्या मोटारीने येतात. गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून ती बाड्याकडे कुठेतरी लावून, सामान हातात घेऊन मंडळी घराशी पोहोचतात. पिशव्या खाली टेकल्याही नसतात तोच शेजारचे नाना विचारतात, "काय रे, किती तासांत आलास?" मुलगाही छाती पुढे काढून सांगतो, "अठरा तासांत, नाना! मध्ये फक्त दोनदा थांबलो." मग सगळ्या ओट्यावरून ‘वा!’ असा उद्गार निघतो.

पुष्कळ वर्षे या उद्गारात आम्हीही आमचा सूर मिसळत आलो. आता तो मिसळवत नाही. त्याचे कारण आम्ही आजवर कुठे लिहिले नाही. घरातही ते बरीच वर्षे पूर्णपणे सांगितले नव्हते. ते या पानांवर सांगून मोकळे व्हावे, असे वाटते.

आपले हे शहर मुळात एक मुक्कामच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी घातली. ती पुन्हा उठली नाही आणि तिचेच ‘लष्कर’ झाले. आमचे मूळपुरुष त्या छावणीबरोबर दख्खनेतून आले, असे घरात सांगतात. कोणत्या हुद्द्यावर आले ते मात्र कुणी सांगत नाही. बहुधा सांगण्याजोगा नसावा. ही माणसे आली ती ‘मजल दरमजल’ करीत. हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो, पण त्याचा अर्थ विसरलो आहोत. मजल म्हणजे एका दिवसात चालायचा टप्पा. तो संपला की थांबायचे, जनावरांना दाणापाणी द्यायचे, माणसांनी निजायचे आणि उजाडल्यावर पुढे निघायचे. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने याच दिशेला निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. बंडाच्या धामधुमीतून ते सुखरूप परतले, त्यात दैवाचा वाटा मोठाच होता. पण सोबत धरून चालणे आणि दिवस मावळण्याआधी आसरा पाहणे ही त्या काळच्या प्रत्येक शहाण्या वाटसरूची रीत होती. आमची आजी तिचे सार एका वाक्यात सांगे, "दिवा लागला की चाक थांबले पाहिजे."

हे सारे ऐकून वाढलेल्या आम्ही २००४ च्या दिवाळीत जे केले ते असे.

त्या वर्षी झेलम एक्सप्रेसचे आरक्षण मिळाले नाही. म्हणून ग्वाल्हेरहून भाड्याची जीप करून आम्ही सहकुटुंब पुण्याला गेलो. चालक पंचविशीतला, अबोल आणि कामसू होता. पुण्यात आम्ही चार दिवस नातलगांच्या घरी पाहुणचार घेतला. तो चारही रात्री जीपमध्येच झोपला. तेथे त्याला झोप कशी लागत असेल, हा विचार आमच्या मनात आला नाही. भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे पुणे सोडले आणि दिवेलागणीला इंदूर गाठले. राजवाड्याजवळ आमच्या सौभाग्यवतींच्या मावशींचे घर आहे. तेथे जेवणे झाली. मावशींनी गाद्या घालायला सांगितल्या. तेवढ्यात चालक दाराशी येऊन हलकेच म्हणाला, "साहब, चार घंटे सो लेता तो ठीक रहता."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत बैठक होती. ती आमच्यावाचून अडणार नव्हती, हे आज कळते. तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, की आधा रास्ता तो हो ही गया, आता थांबून काय करायचे? आम्ही पुढे तुझ्या शेजारी बसतो, रात्रभर गप्पा मारू, म्हणजे तुला झोप येणार नाही. तो "जी साहब" म्हणाला. अधिकाऱ्यापुढे तो दुसरे काय म्हणणार होता?

शाजापूर येण्याआधीच आम्हाला गाढ झोप लागली.

जाग आली ती गुन्याच्या अलीकडे, पहाटे तीनच्या सुमारास, काच फुटल्याच्या आवाजाने. जीप रस्ता सोडून बाभळीवर आदळली होती. मागच्या आसनावरून पुढे फेकल्या गेलेल्या सौभाग्यवतींच्या खांद्याचे हाड मोडले. मुलाच्या कपाळाला खोक पडली. चालकाचा पाय दोन ठिकाणी मोडला. आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने सगळ्यांना उचलून रुग्णालयात नेले. त्याचे नाव विचारायचेही आम्हाला सुचले नाही.

सकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. आम्ही सांगितले, "चालकाला डुलकी लागली." त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण इंदूरच्या दाराशी काय बोलणे झाले होते, ते आम्ही सांगितले नाही. आमच्या नोकरीचा काही काळ श्रम विभागात गेला होता. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात चालकाने दिवसाकाठी आठ तास काम करावे आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असे स्पष्ट लिहिले होते. ती कलमे आम्हाला पाठ होती. त्या दिवशी तो मुलगा वीस तासांहून अधिक वेळ चक्रावर होता. टोपी बाजारात राहणाऱ्या आम्ही त्या हवालदाराला टोपी घातली, आणि स्वतःलाही.

जीपच्या मालकाने चालकाला कामावरून काढले. आम्ही त्याची चौकशी केली ती सहा महिन्यांनी. तोवर तो आपल्या गावी निघून गेला होता. गावाचे नाव कुणाला सांगता आले नाही.

त्यानंतर रस्ता बदलला. दुपदरी होता तो चौपदरी झाला, वळणे सरळ झाली. त्यामुळे प्रवास सोपा झाला, पण झोप अधिक घातक झाली. ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २५ मीटर जाते. चार सेकंदांच्या डुलकीत ती चालकावाचून १०० मीटर धावते. मध्यरात्रीनंतर, विशेषतः पहाटेच्या प्रहरी, देह झोप मागतोच. चहा, उघडी काच, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ती थोडी लांबते, टळत नाही. झोपेवर झोप हाच उतारा आहे. निरुपायच झाला तर सुरक्षित जागी मोटार उभी करून वीस मिनिटे डोळे मिटावेत. पण ती पुढच्या मुक्कामापर्यंतची उसनवारी समजावी, रात्रभर चालण्याचा परवाना नव्हे. एकट्या २०२२ साली आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, हे आमच्या घरात तो मोडलेला खांदा रोज सांगतो. थंडीत दुखतो तेव्हा जरा मोठ्याने सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मुलाचा पुण्याहून दूरध्वनी आला. नवी मोटार घेतली आहे, दिवाळीला दोन्ही मुलांना घेऊन एका दमात येतो, असे तो म्हणाला. त्या क्षणी आम्ही त्याला २००४ ची हकीकत पहिल्यांदा संपूर्ण सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेजारी बसलेल्या सौभाग्यवती मात्र शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी तेव्हाच म्हणणार होते की थांबू या. पण तुमची बैठक होती ना!"

या वाक्याने आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही अधिनियमात नाही. त्या रात्री जीपमध्ये थांबावेसे वाटणारी दोन माणसे होती. एकाने नोकरीपोटी जोर धरला नाही, दुसरीने आमच्या मानापोटी तोंडच उघडले नाही. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा, की मोटारीतल्या लहानात लहान माणसाने ‘थांबा’ म्हटले तरी थांबायचे आणि कारण विचारायचे नाही. पुण्याहून येताना इंदूरला मुक्काम करायचा. धुळ्याकडचे घाट दिवसाउजेडी ओलांडायचे. रात्री आपल्या प्रदेशात रस्त्यात बसलेली गुरे आणि डिसेंबर-जानेवारीतले धुके यांच्याशी पैज लावायची नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक मोटारीत लिहून ठेवायचा. भाड्याची मोटार असेल तर चालकाच्या अंथरुणाची सोय आपल्या अंथरुणाआधी पाहायची.

गेल्या दिवाळीत मुलगा आला तेव्हा नानांनी ओट्यावरून नेहमीचा प्रश्न टाकलाच, "किती तासांत आलात?" मुलाने उत्तर देण्याआधी आमची सात वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, आम्ही दोन दिवसांत आलो. रात्री इंदूरला झोपलो आणि सकाळी पोहे-जिलबी खाल्ली."

ओट्यावरून ‘वा!’ काही आले नाही. नाना क्षणभर थांबले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "मुक्काम कुणाकडे केलात?"