यंत्रमागावरचा संगणक

आज सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात जॅकार्ड मागाचं कार्ड हातात घेऊन पाहिलं. जाड पुठ्ठा, त्यात ओळीने पाडलेली भोकं. भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच हो-नाहीतून उमटते. जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे तंत्र आणलं. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात अशीच कार्डं योजली.

मुलांच्या कोडिंगच्या क्लासला आपण हौसेने पैसे मोजतो. मग त्यांना एकदा यंत्रमागावर का नेऊ नये? संगणकामागचा हाच हो-नाहीचा विचार तिथे डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. आमच्या शहराने तो कित्येक वर्षं विणला आहे, हे मुलांना कळायलाच हवं.