उसना अडकित्ता

आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. 1983 साली झाला नाही. मालकांनी चौकात नवी शहाबादी फरशी घातली होती आणि तिच्यावर चिखल कालवला तर तंगडं मोडीन, अशी प्रेमळ सूचनाही दिली होती. मग किल्ल्याऐवजी म्युझियम करायचं ठरलं.

कल्पना उचललेली होती. राजा दिनकर केळकर संग्रहालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात आम्ही तिथं जायचो ते ज्ञानासाठी नव्हे, गारव्यासाठी. दालनात स्टुलावर एक मामा बसलेले असायचे. काचेला नाक लावलं की ओरडायचे, पण नाक काढलं की विचारायचे, "ही वज्री. कशाला वापरतात, सांग?" टाच घासायच्या वस्तूवर कुणी पक्षी का बसवावा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. दिवे, दौती, कुलपं, घोड्याचे आणि पोपटाचे अडकित्ते. हे सगळं जमवणारे काका केळकर चष्म्याचे दुकानदार, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे. 1920 च्या सुमारास सुरू झालेला तो नाद 20,000 हून अधिक वस्तूंपर्यंत गेला. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं सरकारच्या हवाली केलं. हे मामांनीच सांगितलेलं. 'राजा' म्हणजे कुठला तरी संस्थानिक असणार, असं मी तोवर धरून चाललो होतो.

तर आम्ही बिऱ्हाडं पालथी घातली. फुंकणी, पावशेरी माप, करंडा, गंजिफाची फुटकी पेटी, एक अडकित्ता. आईच्या जुन्या नऊवारीवर सगळं मांडलं आणि चिठ्ठ्या लावल्या. पाडव्याला दुपारी मामा खरंच आले. चपला काढून, हात मागे बांधून सावकाश फिरले.

"नाव लिहिलंस वस्तूचं. दिली कुणी?"

मी म्हटलं, वाड्यातल्यांनीच.

"त्यांना नावं नाहीत?"

वही फाडून पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसलो. अडकित्ता माडीवरच्या आजींचा होता. साधा, पितळी, नक्षी फक्त दांडीच्या टोकाला. त्यांना सगळा वाडा 'माडीवरच्या आजी' म्हणायचा, त्यामुळे नाव विचारायला वर गेलो. त्या चकल्यांच्या डब्याला झाकण लावत होत्या. जरा थांबल्या.

"सासरचं लिहितोस की माहेरचं?"

दोन नावं असतात हे मला ठाऊक होतं. त्यातलं एक निवडावं लागतं, हे नव्हतं.

"माहेरचं लिही. अडकित्ता तिकडचा आहे."

भाऊबीज झाल्यावर ज्याची वस्तू त्याला पोचती केली. अडकित्ता राहिला. चपलांच्या खोक्यात, चिठ्ठ्यांच्या ढिगाखाली. सापडला तेव्हा आजी लेकाकडे नागपूरला गेल्या होत्या, कायमच्या. आईनं मला कानाला धरून पत्र लिहायला लावलं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं: आता सुपारी दाताला झेपत नाही, तुझ्याकडेच असू दे, अभ्यास कर.

पुढे वाडा पडला, तिथं इमारत आली. मामा निवृत्त झाल्याचंही कळलं, तेही उशिरा. काका केळकर 1990 मध्ये गेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी वस्तूंसाठी पदरचे पैसे मोजले होते. माझा एका वस्तूचा संग्रह मात्र फुकटात झालेला. एकदा वाटलं, अडकित्ता म्युझियमला द्यावा. पिशवीत घालून गेलोही. काचेआडचे ते डौलदार घोडे-पोपट पाहिले आणि तसाच परत आलो. खोटं कशाला बोलू, नक्षीची लाज वाटली म्हणून नव्हे. द्यायचं मनच झालं नाही.

दिवाळीत जेवणं झाल्यावर कुणी पान मागितलं की तोच काढतो. खीळ ढिली झाली आहे, पण खोबरेलाचा थेंब सोडला की चालतो. चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवली आहे. शाई उडाली, तरी माहेरचं नाव वाचता येतं.