काल, काळ आणि एक बिट

नव्या बॉयलरची ताकद वाफेने तपासत नाहीत, पाण्याने तपासतात. बॉयलर काठोकाठ भरायचा, आतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढायची आणि मग पंपाने दाब कामाच्या दाबाच्या दीडपट चढवायचा. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठून राहत नाही. एखादा जोड सुटलाच तर चिळकांडी उडते, दाबमापकाचा काटा खाली येतो आणि फिटरचा सदरा भिजतो. तोच दाब वाफेचा असता तर शेडचे पत्रे उडाले असते. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदीची सारी वर्षे घालवलेले आमचे वडील हे सांगत आणि मग विचारत, चाचणी म्हणजे काय? वस्तू टिकते की नाही ते पाहणे, असे आम्ही पुस्तकी उत्तर देत असू. त्यावर ते म्हणत, "टिकते का ते नंतर. नाही टिकली तर काय होईल, त्याची सोय आधी."

साहित्यविषयक लेखनाच्या या पानावर बॉयलरचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. पुढे बॉयलरही नाही, संगणकाचा प्रोसेसर आहे. पण आमचा गुंता शब्दांचाच होता. वडिलांनी नोकरीच्या काळात कारखान्यातल्या बोलीतले शब्द आणि सटरफटर नोंदी जॉबकार्डांच्या कोऱ्या पाठीवर टिपून ठेवल्या. अशा तीनेक हजार चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यांतून आमच्याकडे आल्या. कानस, पाना, बर काढणे यांसारखे कोशात सापडणारे आणि न सापडणारे शब्द. शिवाय सातारा, सोलापूर, बिहार, कर्नाटक येथून आलेल्या माणसांनी एकाच यंत्राला दिलेली वेगवेगळी नावे. या चिठ्ठ्यांची छायाचित्रे घ्यावीत, ती स्वच्छ करून त्यांवरून मजकूर उतरवावा असे ठरले, तेव्हा आमच्या भाच्याने आपला संगणक देऊ केला. तो निगडीत राहतो, चाकणला इंजिनांच्या टेस्ट बेडवर पाळीत काम करतो. उरलेल्या वेळात त्याने जुन्या बाजारातून आणलेला रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर बसवून एक यंत्र उभे केले होते, आणि ते 'ओव्हरक्लॉक' केले होते.

ओव्हरक्लॉक म्हणजे काय, हे त्याने आम्हाला सोप्या भाषेत समजावले. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. हा ठोका सेकंदाला अब्जावधी वेळा पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत विद्युतसंकेताला एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पोहोचावे लागते. उत्पादक हा वेग ठरवताना हात राखून ठरवतो. सगळ्यांत कमअस्सल चिप, सगळ्यांत उकाड्याची खोली आणि काही वर्षांची झीज या सर्वांना पुरून उरेल इतकी जागा तो सोडतो. ही राखलेली जागा वापरून टाकणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. भाच्याने सर्व कोअर सुमारे ४ गिगाहर्ट्झवरून ४.३ वर नेले होते आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३ केले होते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. हिशेब मांडून पाहिला तर साडेसात टक्के वेगासाठी सव्वापट उष्णता. हा सौदा आम्हाला काही फार शहाणपणाचा वाटला नाही, पण तरुणांच्या छंदाचे हिशेब टक्क्यांत होत नसतात. असो.

आमची शंका वेगळी होती. असे यंत्र बंद पडेल की काय? भाचा हसला. "मामा, बंद पडलं तर बरंच. बंद न पडता चुकलं तर पंचाईत."

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो आहोत. ठोका लवकर पडला आणि संकेत वेळेत पोहोचला नाही, तर यंत्र ओरडत नाही. ते आधीचेच मूल्य उचलते, एकच्या जागी शून्य धरते आणि पुढे चालू लागते. बहुतेक कामे आखूड वाटेची असल्याने बिनचूक होत राहतात; फक्त सर्वांत लांब वाटेचे एखादे काम, तेही चिप तापलेली असताना, चुकते. पडद्यावर सारे आलबेल असते. १९९४ साली थॉमस नाइसली हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असताना पेंटियम प्रोसेसरचा भागाकार काही ठिकाणी चुकतो असे त्यांच्या ध्यानात आले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८ ऐवजी १.३३३७ येई. तो दोष रचनेतला होता, वेगाचा नव्हे. पण दोष असलेले यंत्र एकदाही अडखळले नव्हते. अलीकडे, २०२१ साली, गूगलच्या अभियंत्यांनी लिहिले की त्यांच्या दर काही हजार यंत्रांमागे थोडे कोअर असे निघतात, जे गुपचूप चुकीची उत्तरे देतात. ही यंत्रे तर कोणी ओव्हरक्लॉकही केलेली नव्हती.

आता शब्दांकडे येऊ. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. 'ल'चा २३५४, 'ळ'चा २३५५. सम संख्या आणि तिच्या लगतची विषम संख्या द्विमान पद्धतीने लिहिली तर फरक असतो फक्त शेवटच्या अंकाचा. म्हणजे एक बिट उलटले की 'काल'चा 'काळ' होतो, 'वेल'ची 'वेळ', 'चाल'ची 'चाळ'. 'त' आणि 'द' यांतही एकाच बिटाचे अंतर आहे, 'तार'चे 'दार' होते. 'क' आणि 'ग' यांतही तेच, 'काडी'ची 'गाडी' होते. यांतला एकही शब्द शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला खटकणार नाही, कारण सगळेच शब्द खरे आहेत. अर्धे पान गायब झाले तर आपण शोधाशोध करतो. 'काल'चा 'काळ' झाला तर त्यावर प्रबंध लिहितो. अशी चूक होण्याचा संभव थोडा, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या कोशाची दुसरी प्रतच नाही, त्याच्या बाबतीत थोडा म्हणजे किती, हे कोणी सांगायचे?

म्हणून चाचणी. भाच्याने ती ज्या रीतीने घेतली, ती पाहून वडिलांना बरे वाटले असते. पहिले काम म्हणजे ज्या डिस्कवर काही जपण्यासारखे होते ती त्याने काढून कपाटात ठेवली आणि एक जुनी, पुसली गेली तरी चालेल अशी डिस्क जोडली. पाण्याने भरलेला बॉयलर तो हाच! मग पंख्यात साठलेली धूळ काढली. चाकण-भोसरी पट्ट्यातली धूळ निव्वळ मातीची नसते, तीत लोखंडाचा बारीक कीस असतो. प्रोसेसर आणि उष्णतावाहक पट्टी यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. वेग मूळ पदावर आणून आधी एकट्या मेमरीची परीक्षा घेतली, कारण दोन संशयित एकदम उभे केले तर चोर सापडत नाही. त्या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश. भाच्याने आपली लक्ष्मणरेषा ९० वर आखली आणि ती ओलांडताच यंत्र आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केली. नंतर शंभर शंभर मेगाहर्ट्झच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थोडा वेळ ताण आणि शेवटी रात्रभराची परीक्षा. ती त्याने मंगळवारी लावली. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, आणि बुधवारी त्याची पाळी असल्याने लक्ष ठेवायला घरी कोणी नसते.

ताण द्यायला त्याने प्राइम९५ ही आज्ञावली वापरली. तिचा जन्म मोठा मौजेचा आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळ संख्यांचा शोध हजारो घरगुती संगणकांत वाटून देण्यासाठी ती लिहिली. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गणितात एक चूक झाली की सारे वाया. म्हणून आपल्याच आकडेमोडीवर डोळा ठेवण्याची सोय तिच्यात आली, आणि त्या सोयीमुळेच ती प्रोसेसरची छळचाचणी म्हणून जगभर रूढ झाली. ती प्रचंड पूर्णांकांचे गुणाकार करते, पण वेगासाठी ते अपूर्णांकांतून करते. शेवटी प्रत्येक संख्या कोणत्या तरी पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवी. हे अंतर ०.४ च्या वर गेले की आज्ञावली थांबते आणि तसे सांगते. ०.५ म्हणजे नेमका मध्य, तिथे अलीकडचा पूर्णांक की पलीकडचा हे ठरवताच येत नाही. शिवाय आलेले उत्तर ती आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. ताण देणाऱ्या आज्ञावल्या पुष्कळ आहेत. नुसती ऊब आणणाऱ्या आणि उत्तर न तपासणाऱ्या आज्ञावल्यांना चाचणी म्हणणे आम्हाला पटत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला, तो सेकंदाला ११७.९ लाख कोटी क्रियांच्या वेगाने लिनपॅक नावाची समीकरणे सोडवून. तिथेही उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिले जाते आणि ते जुळले तरच वेग मोजला जातो. घरोघरचे हौशी हेच गणित आपल्या यंत्रांवर चालवतात.

४.३ गिगाहर्ट्झवर तीन तास चाळीस मिनिटे काही झाले नाही. तापमान ८४. भाचा त्याच यंत्रावर गाणी ऐकत होता. मग बारापैकी एका धाग्यापुढे ओळ उमटली, अपेक्षा ०.४ पेक्षा कमीची, आले ०.५. बाकीचे अकरा धागे चालूच होते, गाणेही चालू होते, आणि खिडकीत बसून कोणी पाहिले असते तर त्याला यंत्र ठणठणीत दिसले असते. व्होल्टेज आणखी चढवून तो वेग टिकवता आला असता. भाच्याने वेग ४.२ वर आणला आणि पुन्हा रात्रभर यंत्र जुंपले. या वेळी चूक निघाली नाही. पण मे महिन्यात निगडीतली खोली चाळिशी गाठेल, पेस्ट पुन्हा वाळेल, चिप झिजेल. तेव्हाची खात्री या रात्रीने दिली नाही, हेही त्यानेच सांगितले. टेस्ट बेडवरचा माणूस 'पास' या शब्दापुढे नेहमी तारीख लिहितो.

चिठ्ठ्यांची छायाचित्रे स्वच्छ करण्याचे काम आम्ही त्या यंत्राला दिले. ते काम चुकले तरी मूळ छायाचित्र शाबूत राहते. मजकूर मात्र मूळ वेगावर चालणाऱ्या दोन वेगळ्या लॅपटॉपांवर दोघांनी स्वतंत्रपणे टंकला आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. मर्सेन संख्या शोधणारे दुसऱ्या यंत्राकडून पडताळा घेतात तो असाच. आणि भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडल्या, त्यामागची दृष्टीही फार वेगळी नव्हती.

पहिल्या पाचशे चिठ्ठ्यांत साठेक फरक निघाले. बहुतेक बोटांच्या घाईचे, ते लगेच मिटले. एक मात्र अजून तसाच आहे. चिठ्ठीवर 'चाकण' असे ठसठशीत लिहिले आहे, पुढे 'मा' स्पष्ट आहे, त्यापुढच्या अक्षरावर तेलाचा डाग आहे आणि मग 'पाहून येणे'. एकाने 'माल' वाचले, दुसऱ्याने 'माळ'. वडिलांना कारखान्याच्या कामासाठी माल पाहायला पाठवत असत. आणि चाकणच्या माळावर जमिनीचा एक तुकडा घ्यावा असेही त्यांच्या मनात काही वर्षे होते, असे आई म्हणते. आम्ही दोन्ही पाठ ठेवले आहेत.