आखूड तारेचा हिशेब

विजेवर वाजणाऱ्या वाद्याबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. आवाज काय, अ‍ॅम्प्लिफायर करतो. लाकूड कसेही असो, दांडी कशीही असो, बटण फिरवले की सगळे झाकले जाते. म्हणून इलेक्ट्रिक मँडोलिन घ्यायला निघालेला माणूस आधी रंग पाहतो, मग चकाकी पाहतो, मग किंमत विचारतो, आणि तारेला हात लावतो तो सर्वांत शेवटी. निदान सोलापूरकराने तरी या समजुतीला बळी पडू नये. या गावाने हातमागाचा यंत्रमाग होताना पाहिला आहे. मागाला वीज जोडली म्हणून ताण्यातला दोष मिटला नाही. जो दोष वीतभर कापडात राहिला असता तो वेगाने वारभर पसरला. इलेक्ट्रिक मँडोलिनचे नेमके तसेच आहे. वीज सूर तयार करत नाही. तारेने जे केले, चांगले किंवा वाईट, ते ती मोठे करून ऐकवते. त्यामुळे साध्या मँडोलिनपेक्षा विजेच्या मँडोलिनमध्ये बांधणीची पारख जास्त कडक हवी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या पिढीच्या कानावर हे वाद्य आले ते हिंदी चित्रपटगीतांतून. ‘आवारा’ (1951) मधल्या स्वप्नदृश्याच्या गाण्यात ढोलकीच्या ठेक्यावर मँडोलिन जे झणकारते, ते एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक होते. ‘संगदिल’चे (1952) संगीतकार सज्जाद हुसेन तर या वाद्यावर रागदारी वाजवत. ते मँडोलिन पोकळ लाकडाचे, चार जोड्यांत आठ तारांचे, मायक्रोफोनपुढे वाजणारे. जोडीतल्या दोन तारा एका सुरात लावल्या तरी त्यांच्यात केसाएवढा फरक उरतोच, आणि त्या फरकातूनच तो थरथरता गोडवा येतो. पुढे यू. श्रीनिवास यांचे मँडोलिन कानावर पडले आणि हेच ते वाद्य का, असा प्रश्न पडला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक वस्तीला हे नाव परके नाही. आंध्रातल्या पालकोल्लूत 1969 साली जन्मलेला हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षी, 1978 मध्ये, जाहीर मैफलीत बसला आणि कर्नाटक संगीताने एक परदेशी वाद्य आपले म्हणून स्वीकारले. आणि तिसरा सूर रस्त्यावरचा. हळदीत, मिरवणुकीत वाजणारा तो बेंजो म्हणजे मँडोलिनचा सख्खा नव्हे, दूरचा भाऊ. जपानात नागोया इथे 1912 साली निघालेल्या ताइशोगोतो या कळांच्या वाद्यापासून बुलबुलतरंग झाला, त्याला आपल्याकडे वीज जोडली गेली आणि तो हातगाडीवर चढला.

स्टुडिओ, मैफल आणि रस्ता या तीन जागांनी तारेकडे तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या. श्रीनिवास यांनी काय बदलले ते नीट पाहिले की वाद्य निवडण्याचे अर्धे शास्त्र कळते. त्यांनी जोडतारा काढून एकेरी तारा लावल्या, खर्जासाठी पाचवी तार जोडली आणि भरीव लाकडाचे इलेक्ट्रिक वाद्य धरले. यात हौस नव्हती, गरज होती. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू स्वतः मँडोलिन वाजवत नसत. ते गायचे आणि शिष्याने ते गाणे तारेवर उतरवायचे. गळ्यातली गमक तारेवर आणायची तर नखीचा एक आघात झाल्यावर बोट सरकत असताना सूर जिवंत राहिला पाहिजे. पोकळ मँडोलिनचा सूर झणकन उठतो आणि तसाच विझतो, म्हणून तर पाश्चात्त्य वादक त्यावर नखी भराभर फिरवून सूर टिकवतो. आपल्याला लागते ते आस असलेले, म्हणजे सूर रेंगाळत ठेवणारे वाद्य. भरीव लाकूड तारेची शक्ती चटकन शोषून हवेत उधळत नाही, आणि मंद होत जाणारा सूर अ‍ॅम्प्लिफायर ऐकू येण्याजोगा ठेवतो. तार एकेरी असली की बोटाने ती ओढता येते. जोडीतल्या दोन तारा एकत्र ओढल्या तर दोन्ही सारख्या चढत नाहीत आणि सूर फाटतो.

याला दुजोरा फार लांबून मिळतो. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात डोडो आणि ओस्मार या दोघांनी 1940 च्या दशकात पोकळ वाद्याला पिकअप, म्हणजे तारेची हालचाल टिपणारा भाग, लावून पाहिला. आवाज वाढवला की वाद्य शिटी मारू लागे. डोडो रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी पोकळी काढूनच टाकली आणि भरीव लाकडावर तारा ताणल्या. 1950 च्या कार्निव्हलमध्ये हे दोघे जुन्या फोर्ड मोटारीवर बसून रस्त्यावर वाजवत निघाले. तिथल्या मिरवणुकांची आजही चालू असलेली परंपरा त्यातून सुरू झाली. पुढे ओस्मार यांचा मुलगा आर्मांदिन्यो याने त्या वाद्याला पाचवी तार जोडली. तिकडे अमेरिकेत पॉल बिग्सबी यांनी 1952 मध्ये टायनी मूर या नाचाचे संगीत वाजवणाऱ्या वादकासाठी भरीव, पाच एकेरी तारांचे मँडोलिन घडवले होते. नाचाचे संगीत, रस्त्यावरचा कार्निव्हल आणि कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या कृती यांत साम्य ते काय? तरीही तिन्ही ठिकाणचे हात एकाच बांधणीपाशी पोचले. मोठ्या आवाजात लांब सूर हवा असेल तर लाकूड भरीव आणि तार एकेरी, हा निष्कर्ष मला म्हणूनच एखाद्याच्या आवडीनिवडीचा वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, कारागिरीचा. मँडोलिनची वाजती तार साधारण 35 सेंटिमीटर, गिटारची 65 च्या आसपास. हा एक फरक सगळे ठरवतो. मँडोलिनवर पहिला पडदा नटापासून, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपासून, जेमतेम 2 सेंटिमीटरवर बसतो, आणि बारावा ओलांडल्यावर पुढचा पडदा 1 सेंटिमीटरच्याही किंचित आत. बाराव्या पडद्यापाशी पडदा अर्धा मिलिमीटर चुकला तर गिटारवर सूर अर्धस्वराच्या शंभरातले तीनेक भाग हलतो, मँडोलिनवर पाच. म्हणजे तेवढ्याच चुकीची शिक्षा जवळजवळ दुप्पट. साध्या मँडोलिनवर झटकन विझणाऱ्या सुरात हे खपून जाते. इलेक्ट्रिकवर तोच बेसूर लांबवर टिकतो आणि स्पीकरमधून दहा पट मोठा होऊन परत येतो. यासाठी दुकानात करायची परीक्षा साधी आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेडायचे, घंटेसारखा नितळ सूर निघतो. मग तिथेच तार दाबून छेडायची. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरची, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या घोडीवरची, त्या तारेची बैठक मागे सरकवावी लागते, उतरा असेल तर पुढे. ही बैठक प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र सरकत नसेल, तर ते वाद्य कितीही देखणे असो, मी ते खाली ठेवायला सांगेन. परीक्षा प्रत्येक तारेवर करावी, आणि पाचव्या, सातव्या, पंधराव्या पडद्यावरही ट्यूनर लावून सूर पाहावा, कारण बारावा बरोबर असून इतर पडदे चुकलेले असू शकतात. तो दोष ब्रिज सरकवून जात नाही.

इथे रागदारीचा जाणकार हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. पडदे समान स्वरांतराच्या पाश्चात्त्य मापाचे. त्यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या चौदा शतांश चढा. मग पडदे अगदी बिनचूक बसवून तरी काय मिळवले? उत्तर वादकाच्या बोटात आहे. ओढलेली तार सूर चढवते, उतरवत नाही. म्हणून चढा गंधार खाली आणता येत नाही, पण खालच्या पडद्यावरून तार ओढून हवा तो गंधार गाठता येतो. आपला वादक पडद्याकडे मुक्काम म्हणून पाहत नाही, निघण्याची जागा म्हणून पाहतो. मात्र निघण्याची जागाच डळमळीत असेल तर ओढीचा अंदाज हाताला कधीच बसत नाही. तार आखूड असल्याने बोटाची थोडी ओढही सूर बराच हलवते, म्हणजे अंदाज आणखी काटेकोर. त्यासाठी पडदा जरा उंच आणि वरून गोल घासलेला हवा, दांडीची पाटी गुळगुळीत हवी, आणि ओढ सुटल्यावर तार नटच्या खाचेत न अडकता मूळ सुरावर परत यायला हवी. दहा वेळा जोरात ओढून पुन्हा ट्यूनर पाहिला की खुंट्या आणि नट दोघांचीही खरी जात कळते.

लाकडाबद्दल विक्रेते भरभरून बोलतात. चुंबकीय पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो, लाकडाची नाही. तेव्हा भरीव वाद्यात कोणते लाकूड किती गोड, या चर्चेला मी फार किंमत देत नाही. पण लाकूड मुरलेले आहे की नाही, याला सोलापुरात जन्ममरणाची किंमत आहे. मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत तीच हवा ओलसर. कच्चे लाकूड उन्हाळ्यात आडवे आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि दांडीच्या कडेने पडद्यांची टोके बाहेर येतात. हात वरखाली फिरवला की बोटाला करवतीसारखे लागते. म्हणून खरेदी करताना दांडीच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवावा, आणि वाद्य डोळ्यासमोर धरून नटाकडून ब्रिजकडे नजर टाकावी. दांडीला पीळ दिसला तर पुढचे काही पाहू नये. किंचित बाक असेल आणि आत फिरवता येणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड असेल, तर तो निघतो. बऱ्याच स्वस्त मँडोलिनना ती नसते.

पिकअपची निवड मात्र वाजवण्याच्या जागेवर ठरवावी. एकेरी वेटोळ्याचा पिकअप खणखणीत बोलतो, पण आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुणही तितक्याच इमानाने उचलतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास दोन उलट वेटोळी जोडून ती गुणगुण मारण्याचा मार्ग काढला. त्यात वरची चमक थोडी जाते. घरी, मैफलीत एकेरी ठीक. मंडपात जिथे जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि बेभरवशाचे अर्थिंग एकाच फळीवर नांदतात, तिथे दुहेरीच घ्यावा.

‘जोडतारांशिवाय मँडोलिन ते कसले’, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. सज्जाद हुसेन यांनी जोडतारांवरच मींड काढली, हे खरे. पण ती त्या हाताची थोरवी होती. वाद्य निवडताना आपण आपला हात धरून चालावे. चित्रपटगीतांतला तो झणकार हवा असेल तर साधे आठ तारांचे मँडोलिन आणि चांगला मायक्रोफोन घ्यावा. विजेच्या वाद्यात आठ तारा चढवल्या की दांडीवरचा ताण वाढतो आणि ओढ हातातून जाते, दोन्हीकडून नुकसान. ‘कीबोर्डवर मँडोलिनचा आवाज मिळतो, मग हा खटाटोप कशाला’, याचे उत्तर वर गंधाराच्या चर्चेत येऊन गेले आहे. आणि ‘शिकणाऱ्याला स्वस्तातले चालेल’ हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. जाणता वादक सदोष पडद्यावरही सूर सावरून घेतो. नवशिक्याचा कान अजून घडायचा असतो. त्याला चुकलेला पडदाच खरा सूर वाटू लागतो आणि पुढे ती सवय मोडता मोडत नाही. अचूक वाद्याची गरज त्यालाच अधिक.

पैशाची अडचण खरी आहे, आणि तिला वाट आहे. कोरीवकाम, चकचकीत रंग, सोनेरी खुंट्या, नावाची छाप यांवरचा खर्च सोडावा. साधे, बिनरंगी, पण सरळ दांडीचे आणि अचूक पडद्यांचे वाद्य घ्यावे. पिकअप मागाहून बदलता येतो, दांडी सहजी बदलता येत नाही. घेतल्यावर ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. आणि पडदे घासायची, खाच दुरुस्त करायची वेळ आली तर कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरज गाठावी. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षे पडदे बांधले आणि जवारी काढली, त्यांच्या हाताला 35 सेंटिमीटरची तार परकी नाही. त्या कारागिरांनी आपल्या उन्हाळ्याला टिकेल असे, आपल्या गमकेला पुरेल असे पाच तारांचे मँडोलिन घडवायला घ्यावे, आणि आपण वाजवणाऱ्यांनी परदेशी वाद्य मागवण्याआधी त्यांच्याकडे तशी मागणी नोंदवावी, एवढी विनंती.