हे कशाचे?

छायाचित्रांशी माझी गाठ पडते ती बहुधा न्यायालयाच्या पायरीवर. दोन शेतांमधला बांध, मोडलेले कुंपण, भिंतीस गेलेला तडा, अपघातानंतरची मोटार. पक्षकार असली चित्रे पाकिटातून काढून टेबलावर मांडतात आणि मी एकच प्रश्न विचारतो : हे कशाचे? ज्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, ते चित्र परत पाकिटात जाते. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम 63 प्रमाणे आता मोबाइलमधल्या चित्रासही प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्र पाहून मनात काय हालले, ते विचारणारे कलम अर्थातच त्यात नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मुलीने सॉल लायटर या अमेरिकन छायाचित्रकाराचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. लायटर 1923 साली पिट्सबर्ग येथे जन्मला. वडील तालमूद या यहुदी धर्मग्रंथाचे पंडित. मुलाने तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा. मुलाने 1946 साली धर्मशास्त्राचे अध्ययन सोडले आणि चित्रकार होण्यासाठी न्यूयॉर्क गाठले. आपल्याकडे भटजींच्या मुलाने पंचांग मिटून नाटक कंपनीत जावे, तसलाच हा प्रकार! पुढे हाती कॅमेरा आला तरी दृष्टी चित्रकाराचीच राहिली. रंगीत छायाचित्र म्हणजे जाहिरातीचा माल, कलावंताने काळ्यापांढऱ्याशी इमान राखावे, असा तेव्हाचा संकेत होता. हा मात्र मुदत टळलेली रंगीत फिल्मसुद्धा वापरी. तिच्यावर रंग कसे उतरतील याचा नेम नसे आणि त्याची त्याला फिकीरही नसे. राहत्या घराभोवतीच्या गल्ल्यांतून तो वर्षानुवर्षे हिंडला. ही चित्रे 2006 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. 2013 साली तो निवर्तला.

त्याच्या चित्रांत पाहावे तो वाफ धरलेली काच, तिच्यावरून ओघळणारे थेंब, पलीकडे माणसाचा नुसता भास. 1957 च्या एका चित्रात वर आणि खाली काळोख्या फळ्या आहेत. मधल्या अरुंद फटीतून रस्त्याचा एक तुकडा तेवढा दिसतो. सवयीने मी प्रश्न केला, हे कशाचे? उत्तर मिळेना, तरी पान उलटवेना. एरवी लाल दिसले की आपण ‘छत्री’ म्हणतो आणि मोकळे होतो. इथे वस्तूचे नाव हाती लागत नाही, म्हणून त्या लालपाशी थांबावे लागते. थांबलो आणि का कोण जाणे, घसा दाटून आला. तो लाल रंग मी पूर्वी पाहिला होता.

2018 साली गावच्या देवळात दिवजांची जत्रा होती. सुवासिनी पेटती दिवजे घेऊन प्रदक्षिणा घालीत होत्या, केसांत अबोलीचे वळेसर होते, आणि आई सभामंडपाच्या पायरीवर बसली होती. मुलीने तिच्या शेजारी बसून एक छायाचित्र घेतले. कॅमेऱ्याचा पडदा तिने बराच वेळ उघडा ठेवला असावा. भिंगही जुळवलेले नव्हते. बिंदूएवढ्या ज्योतींची मोठमोठी वर्तुळे झाली, अबोलीच्या केशरी रेघा एकीत एक मिसळल्या, आणि बायकांचे चेहरे पार विरघळून गेले. मी कॅमेऱ्यात डोकावून म्हटले, “हे कशाचे? पुसून टाक.” आईने मान पुढे करून पाहिले आणि म्हणाली, “म्हाका अशेंच दिसता गो!”

नातीची बाजू सावरते आहे असे वाटून मी हसलो.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातले भिंग पिवळट होते, मग तपकिरी. निळा रंग आधी मावळतो आणि दिव्याभोवती वलये उमटतात. निळे लुगडे काळे समजून ती पुन्हा फडताळात ठेवी, तेव्हा वयाचा विसरभोळेपणा म्हणून आम्ही सोडून देत असू. पुढच्या वर्षी ती गेली, शस्त्रक्रियेवाचूनच.

मुलीने ते चित्र पुसले नव्हते. लायटरचे पुस्तक मिटल्यावर मी तिच्याकडून ते मागून घेतले आणि संध्याकाळपर्यंत पाहत बसलो. आईचा त्यात कुठे पत्ता नाही. ती चित्रात नव्हतीच; चित्राच्या अलीकडे, पाहणाऱ्याच्या जागी होती. तिची शेवटची जत्रा तिला जशी दिसली, तशी ती माझ्यासमोर होती.

रात्री कपाटातून 2018 ची डायरी काढली. नेत्रवैद्याची वेळ तीन निरनिराळ्या पानांवर पेन्सिलीने टिपलेली सापडली. तिन्ही ठिकाणी तिच्यावर काट मारून शाईने दाव्याचा क्रमांक लिहिला होता. अक्षर माझेच आहे.