अण्णांची फियाट आणि ट्रॅक्टरचे तेल



तुमच्यापैकी काहींच्या गोठ्यामागे किंवा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला एखादी जुनी गाडी उभी असेल. वडिलांनी घेतलेली जीप असेल, अँबॅसिडर असेल. तिच्यात कोंबडी अंडी घालत असेल आणि भंगारवाला दर दिवाळीला येऊन भाव विचारून जात असेल. विकायला मन होत नाही आणि दुरुस्त करायला खिसा परवानगी देत नाही. आमच्या घरीही हीच गत होती. त्या गाडीशी मी दोन हिवाळे झटापट केली. त्यात काही साधले आणि एक चूक अशी झाली की तिची आठवण आली की अजून तळहाताला घाम सुटतो. ती लपवून ठेवण्यापेक्षा तुम्हाला सांगितलेली बरी.

आमची गाडी 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या पुरंदर तालुक्यात अंजिराला एका वर्षी बरे पैसे झाले, तेव्हा 1986 मध्ये अण्णांनी ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. कागदोपत्री पद्मिनी, पण घरात तिला कायम फियाटच म्हणत आणि ते खोटेही नव्हते. इटलीच्या फियाट कंपनीची 1100 हीच गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, 1964 पासून डिलाइट नावाने आणि 1974 पासून पद्मिनी नावाने. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात पाहिली असेल. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

अण्णा गेल्यावर गाडी अकरा वर्षे उभी होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या, इंजिन जाम झाले. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल सोडले, आठवडाभर मुरू दिले, आणि मग पुलीला हात घालून थोडे थोडे हलवत एके दिवशी ते फिरले. त्या दिवशी आई ओट्यावरून म्हणाली, “चालू झाली की मला एकदा तिच्यातून पुण्याला ने.” आईचे वय त्र्याऐंशी. ‘एकदा’ म्हणजे काय ते मला कळले.

आता सुट्या भागांचे ऐका, कारण खरी अडचण तिथेच येते. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन ‘पद्मिनीचा अमुक भाग द्या’ म्हटले की दुकानदार एक तर हसतो, नाही तर तोंडाला येईल तो भाव सांगतो. दोन-तीन हेलपाट्यांनंतर मी शहाणा झालो. गाडीचे नाव सांगायचेच नाही, माप सांगायचे. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा 6203 आहे. आतले भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. ते पाण्याच्या मोटारीत असो की मोटारसायकलीत, जगभर माप तेच. डायनामोतून निघालेले बेअरिंग खिशात टाकून मी सासवडला मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो आणि पाच मिनिटांत जोड मिळाला. ऑइल सीलचेही तसेच. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ट्रॅक्टरच्या दुकानात अशा सीलांचे डबेच्या डबे भरलेले असतात. रेडिएटरची वाकडी नळी मी ट्रॅक्टरच्या लांब नळीतून हवा तो बाक कापून काढली. फक्त आतला व्यास जुळला पाहिजे. ढिली नळी क्लिप आवळून बसवू नका, ती भर उन्हात दगा देते.

गॅस्केट घरी कापता येते. थर्मोस्टॅटच्या झाकणाखालचे गॅस्केट मी पुतण्याच्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे केले. कागद झाकणावर धरायचा आणि छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकायचे, कागद आपोआप कडेवर कापला जातो. मग दोन्ही बाजूंनी ग्रीस. सौ.ने विचारले, “कुणाची पत्रिका घेतलीत?” मी सांगितले नाही. हेड गॅस्केट मात्र विकतच घ्या. तिथे कागद-पुठ्ठ्याचे काम नाही.

सगळेच जमले असे नाही. पिठाच्या गिरणीचा व्ही-पट्टा फॅनला चालेल असे मला वाटले. सुतळीने लांबी मोजली, ती बरोबर आली, पण पट्टा रुंद निघाला. पुलीच्या खाचेत बसण्याऐवजी वर उचलून राहिला आणि दोन किलोमीटरवर उलटा झाला. पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाशी सपाट यावी आणि तो तळाला टेकू नये, हे मला माहीत होते, तरी हौस नडली. इग्निशन कॉइलचेही असेच. बारा व्होल्टची कुठलीही कॉइल चालते असे लोक म्हणतात. पण आपल्या जुन्या गाड्यांत प्लॅटिनम पॉइंट असतात, त्यांना साधारण तीन ओहमची कॉइल लागते. नव्या इलेक्ट्रॉनिक गाडीची कमी ओहमची बसवली की जास्त करंट ओढते आणि पॉइंट जळतात. मल्टिमीटर घरात असतोच, मोजून घ्या. प्लग घेतानाही चुडीची जाडी पाहून थांबू नका, लांबीही पाहा. जास्त लांबीचा प्लग पिस्टनला जाऊन भिडू शकतो.

पेट्रोलचा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपावर येऊ लागले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे आहे, म्हणजे आपण कारखान्याला घातलेला ऊस फिरून आपल्याच कार्बोरेटरमध्ये येतो. उसाला भाव मिळतो म्हणून मला आनंद आहे. पण 1978 साली बनलेल्या रबराला हे माहीत नव्हते. जुन्या नळ्या मऊ होतात, चिरतात. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका, आधी पडदा बदला, मग ऑइल. नळ्या मी फ्युएल इंजेक्शनच्या गाडीच्या घेतल्या. महाग पडल्या, पण नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल पडण्याच्या मानाने स्वस्तच. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, पाणी वेगळे होऊन तळाला बसते आणि पत्रा गंजतो.

आता माझी चूक.

गाडी चालू लागली होती. ब्रेकही मिस्त्रींकडून नीट करून घेतले होते. आईला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायचे होते, सकाळी अकराची वेळ. चार-पाच दिवस आधी संध्याकाळी पाहिले तर ब्रेक ऑइलची बाटली अर्धी झालेली. गावात ब्रेक ऑइल मिळेना. सासवडला जायचा कंटाळा आला. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल होते. हायड्रॉलिक ब्रेकला हायड्रॉलिकचे तेल, असा सरळ हिशेब करून मी बाटली भरली. बंधूंनो, मी बी. एस्सी. ॲग्री. माणूस. तीस वर्षे बांधावर उभा राहून सांगत आलो की औषधाच्या डब्यावरचे वाचा, त्रिकोणाचा रंग पाहा, एकाच्या जागी दुसरे वापरू नका. आणि घरी येऊन हे केले.

ब्रेक ऑइल आणि खनिज तेल ही दोन वेगळ्या जातीची द्रव्ये आहेत. ब्रेकमधल्या रबरी वाट्या ब्रेक ऑइलमध्येच राहण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांना खनिज तेल लागले की त्या पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारख्या फुगतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पेडल सोडले की दाबलेले ऑइल त्या छिद्रातून बाटलीत परत जाते आणि चाके मोकळी होतात. वाटी फुगली की ते छिद्र बुजते. पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो.

हे मला त्या दिवशी कळले नव्हते. निघताना पेडल वर आले होते, कडक लागत होते. मला वाटले, वा, ब्रेक झकास झाले! आई पुढे बसली होती, मांडीवर दशम्यांचा डबा. दिवे घाट सुरू झाला, मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. मस्तानी तलाव दिसू लागला तशी आई म्हणाली, “काहीतरी करपतंय रे.” मी म्हटले, पुढच्या ट्रकचे असेल. आणखी एक वळण. गाडी उतारावर असूनही अडखळत होती आणि उजवीकडे ओढत होती. मग उजव्या पुढच्या चाकातून धूर दिसला. मी पेडल दाबले, ते दगडासारखे. पुन्हा दाबले, तर एकदम सैल पडून निम्म्यापर्यंत खाली गेले. तापलेल्या ड्रममध्ये ऑइलला उकळी फुटली असावी. आमच्या गाडीत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरचा दाब जातो. आजच्या गाड्यांसारखी दुसरी वाट नाही. एका ठिकाणी उकळले की सगळेच गेले.

दुसरा गिअर, मग पहिला. हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक घासवत गाडी उभी केली. मागून येणारी एसटी कर्कश हॉर्न देत बाजूने गेली. चाकाखाली दगड लावले. आईला उतरवून कठड्यापाशी बसवले तेव्हा माझे हात कापत होते. ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झाले. मग आठ नंबरचा पाना घेऊन चाकाचा ब्लीडर अर्धा फेरा सैल केला. दाबलेले ऑइल चिळकांडी मारून बाहेर आले आणि चाक मोकळे झाले. दोष चाकात नाही, वर मास्टर सिलिंडरमध्ये आहे, एवढे त्यावरून समजले.

आई रिक्षाने पुण्याला गेली, मी तिच्याबरोबर. गाडी संध्याकाळी टेम्पोत घालून आणली. आईने मला एक शब्द विचारला नाही. मीच चार दिवसांनी सांगितले.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आले. बाटलीतले ऑइल दोन बोटांत चोळले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, हे कुणी टाकलं?” मी म्हणालो, “मीच.” ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आता एकही रबर ठेवायचं नाही.”

तसेच केले. मास्टर सिलिंडरच्या आणि चारही चाकांच्या वाट्या, रबरी होज, सगळे नवे. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुतल्या, रॉकेल किंवा पेट्रोलने नाही, कारण त्यानेही रबर बिघडते. दोन चाकांचे सिलिंडर आतून खड्डे पडलेले निघाले, त्यांना लेथवर पितळी स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणले. जुन्या लायनिंगची धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पुरून टाका.

हवा काढायचे काम सौ.ने आणि मी केले. मी गाडीखाली, ब्लीडरला पारदर्शक नळी, तिचे टोक ऑइल घातलेल्या काचेच्या बाटलीत. सर्वांत लांबचे चाक आधी. मी म्हणायचो “दाबा”, ती म्हणायची “दाबलं”, मी पाना सैल करायचा, बुडबुडे आले की आवळायचा, मग “सोडा”. आवळण्याआधी सोडले की हवा परत आत. चार चाकांना दीड तास गेला. मधेच दूधवाला आला तर ती पाय पेडलवर ठेवूनच त्याच्याशी हिशेब करत होती. बाटलीवर डॉट 3 लिहिले आहे की नाही ते तिने स्वतः वाचले. मी सांगितले नव्हते.

तेव्हापासून माझ्यापुरता नियम असा आहे की थांबवण्याच्या आणि वळवण्याच्या कामाच्या वस्तूंत पर्याय शोधायचा नाही. वाट्या सव्वापट महाग मिळाल्या तरी त्याच मापाच्या, त्याच घडणीच्या घ्यायच्या. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटला वेल्डिंग करून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचे. डायनामो, नळ्या, सील, काचेची रबरे, यांत हवे तेवढे डोके चालवा.

आणखी एक गोष्ट कानावर घालतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची 2028 मध्ये पन्नाशीची होईल. जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवण्याचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

आईला दुसऱ्यांदा नेले ते माघ महिन्यात. आधी मी एकट्याने दोनदा घाट उतरून पाहिला. त्या दिवशी वडकीला गाडी उभी करून चारही ड्रमना हात लावला, सारखेच कोमट. आईने विचारले, “ताप बघतोस?” मी हो म्हणालो. तिने डबा उघडून दशमी दिली आणि अण्णा याच ठिकाणी रस प्यायला थांबत असे सांगितले. मला ते माहीत नव्हते. रसवंती आता तिथे नाही, टायर पंक्चरचे दुकान आहे.

पेट्रोलचा काटा अजून चालत नाही. किती किलोमीटर झाले ते वहीत लिहून ठेवतो.